झिजलेला गज

आमच्या सासऱ्यांनी उभ्या जन्मात एकही गोष्ट ठामपणे सांगितली नाही, याला अख्खं नागपूर साक्षी आहे. कॉलेजात ते पदार्थविज्ञान शिकवत आणि घरीही तोच तास चालू असे. सासूबाईंनी दोन शेर वांगी आणायला सांगितली, की "दोन शेर, छटाकभर इकडेतिकडे," अशी दुरुस्ती करूनच पिशवी उचलत. कुणी वय विचारलं तर "जन्माची वेळ सुईणीनं सांगितलेली, घरात घड्याळ नव्हतं," इथून सुरुवात!

नेमका अशा माणसाच्या मुलीवर माझा जीव जडला. मी सचिवालयात कारकून. पाहण्याचा कार्यक्रम झाला, मुलगी राजी, आमच्या घरचे राजी. अडलं ते यांच्यापाशी. "एका निरीक्षणावर काय ठरते? अजून या." मी आपला इस्त्रीचा सदरा घालून, केसांना तेल चोपडून, साधं सुपारीचं खांडही नाकारत पुन्हा पुन्हा हजर. शेवटी त्यांची लेकच कडाडली, "बाबा, हो म्हणा नाहीतर नाही म्हणा! किती वेळा चहा करू मी?"

सासरे शांतपणे म्हणाले, "माझा बाप उमरेडले लुगडे विणे. त्याचा गज टोकाले झिजला होता. लुगडं दहादा मोजलं तरी नऊ वारच भरे, अन् नेसणाऱ्या बाईले दरवेळी तोकडं पडे. गजच खोटा, तर दहादा मोजून काय होते? हे पोरगं दरवेळी नटूनच येते. मंग चूक दिसन कशी?"

माझी झोप उडाली. आणि मग मे महिन्याच्या भर दुपारी, काहीही न कळवता, स्वारी माझ्या खोलीच्या दारात! मी नुसत्या बनियनवर. पिठलं करपलेलं, आणि स्टोव्हला माझ्या ठेवणीतल्या शिव्या चाललेल्या. संपलं सगळं, असं वाटलं. त्यांनी पाट ओढला, ते करपलेलं पिठलं भाकरीशी खाल्लं, आणि म्हणाले, "हे निरीक्षण कामाचं हाय. स्टोव्हची पिन कुठं हाय?"

लग्न लागलं. निरोपाच्या वेळी माझा हात घट्ट धरून म्हणाले, "जावईबापू, माझ्या पोरीसारखी पोरगी साऱ्या जगात नाही." छटाकभरसुद्धा इकडेतिकडे नाही! मी थट्टेनं विचारलं, "आणि चूक किती धरायची, मामाजी?" उपरण्यानं डोळे पुसत म्हणाले, "धरा ना. पण बापाचा गज झिजलेलाच असते. कितीदाही मोजलं तरी माप तेच येते."

मामाजी आता नाहीत. त्यांच्या पोरीला मी नटलेली पाहिली, चिडलेली पाहिली, तापानं फणफणलेली पाहिली. माप तेवढंच भरतं. आता माझाही गज झिजला असेल. पण तो तपासून द्यायला मामाजी हवे होते.