फर्माईशवाल्या ताई

"रंग वाळू दे रे आधी."

आमच्या रेडिओ स्टेशनवर नवा साहेब आला, की आठवड्याभरात भिंतींचा रंग बदलायचा आणि त्याच्या पाठोपाठ गाणी बदलायची. मग मीटिंग व्हायची. आजपासून आपण कसे वेगळे, तरुण, ताजे, हे साहेब हातवारे करून सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो. ताई मात्र मागच्या भिंतीला हळूच बोट लावायच्या, बोटाला आलेला रंग मला दाखवायच्या आणि कुजबुजायच्या, "रंग वाळू दे रे आधी. मग बघू किती तरुण ते."

अंधेरी पूर्वेला एका काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर आमचं स्टेशन होतं. मी जाहिराती आणि निवेदकांची वाक्यं लिहायचो, ताई श्रोत्यांचे फोन घ्यायच्या. राहायला भांडुपला, मूळच्या मालवणच्या बाजूच्या. नाव सांगत नाही. सांगितलं तर त्या आजही फोन करून माझी हजेरी घेतील.

साहेब किती आले आणि गेले, त्याचा हिशोब ताई रंगांवरून ठेवायच्या. पिवळ्या भिंतींच्या काळात आम्ही मराठी-हिंदी सगळंच लावायचो, भजनापासून वरातीपर्यंत. निळ्या रंगाच्या साहेबांना वाटलं, उपनगरातली पोरं इंग्रजीच ऐकतात. वर्षभर इंग्रजी वाजलं. मुलुंडच्या एका आजोबांनी काळजीने फोन केला, "स्टेशन विकलंत का हो?" मग फक्त नवी हिंदी. मग फक्त जुनी. मग फक्त प्रेमाची. त्या काळात भिंती गुलाबी होत्या आणि एसी दुरुस्तीची जाहिरातसुद्धा मला विरहाच्या सुरात लिहावी लागली होती.

पिवळ्या काळातली फर्माईश खरी असायची. ताई चिठ्ठी लिहून स्टुडिओच्या काचेला चिकटवायच्या आणि आतला निवेदक ते गाणं शोधून लावायचा. मग कॉम्प्युटर आला. कोणतं गाणं किती वाजता लागणार याची यादी आदल्या दिवशीच छापून यायला लागली. तिला आम्ही लॉग म्हणायचो. तो बदलायचा हक्क साहेबांशिवाय कोणालाच नव्हता. फोन तेवढा चालू राहिला, कारण साहेबांच्या सादरीकरणात 'श्रोत्यांशी नातं' अशी एक स्लाइड होती. ताईंना सांगण्यात आलं, फोन घ्या, वहीत लिहा, गोड बोला.

"लागणार नाही ते गाणं लिहून घ्यायचं आणि वर गोड बोलायचं? लोकांना काय येडा बनवायचं?" ताई भडकल्या. दोन दिवस कोणाशी धड बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी लॉग टेबलाच्या काचेखाली सरकवला आणि लोकांना येडं बनवायची त्याहून झकास पद्धत शोधून काढली.

फोन वाजायचा. चारकोपच्या एका काकांना कोळीगीत हवं असायचं.

"काका, कोळीगीत मस्तच. पण भर दुपारी तीनला? शेजारच्यांची झोप उडवाल. ते बैलगाडीवालं ऐका ना. तुमच्या लग्नाच्या वेळचं असेल."

"बैलगाडीवालं? हां, ते पण चांगलंय."

"मग काय लावू, तुम्हीच सांगा."

"बैलगाडीवालंच लावा!"

"सव्वाचारला लावते. खास तुमच्यासाठी हं."

सव्वाचारला बैलगाडीवालं लागायचं. लागणारच होतं, लॉगमध्ये होतं. पण चारकोपचे काका सोसायटीच्या कट्ट्यावर सांगत सुटायचे, की त्या स्टेशनवर आपला शब्द चालतो. तुम्ही त्या काळात आमच्याकडे कधी फोन केला असेल, तर तुम्हालाही ताईंनी असंच गंडवलंय. राग मानू नका. तुम्हाला तेव्हा बरं वाटलं होतं की नाही, ते आठवून बघा.

एकदा घोळ झाला. काचेखाली आदल्या दिवशीचाच लॉग राहिला आणि ताईंनी त्यावरून अकरा जणांना शब्द देऊन टाकला. संध्याकाळपर्यंत फोन नुसता पेटला होता. दुसरं कोणी असतं तर माफी मागितली असती. ताई प्रत्येकाला शांतपणे सांगत होत्या, "गाणं निघालंय हो. घाटकोपरला ट्रॅफिकमध्ये अडकलंय." आणि अकरापैकी नऊ जण हसून फोन ठेवत होते.

वहीत त्या नाव, ठिकाण आणि गाणं लिहायच्या. गाणं अर्थातच शेवटी ठरलेलं. आधी काय मागितलं होतं, त्याची कुठेच नोंद नसायची.

मग करड्या भिंतींचे साहेब आले. आता म्हणे बोलणंच नको, नुसती गाणी, एकामागून एक. निवेदक गेले. माझ्याकडे जाहिराती उरल्या म्हणून मी वाचलो. फोनचं काय करायचं ते ठरवायला साहेबांनी ताईंची वही मागवली. फोन गेला तर ताईही जाणार होत्या, कारण त्यांच्याकडे दुसरं कामच नव्हतं.

ताई निर्धास्त होत्या. "बघू दे की. एक खाडाखोड नाही वहीत." मीही निर्धास्त होतो.

साहेबांनी तीन महिन्यांची वही लॉगशी ताडून पाहिली आणि मीटिंग बोलावली. चेहरा नुसता फुलला होता.

"अमेझिंग! सगळंच्या सगळं मॅच होतंय. लोक जे मागतात, ते आपलं सॉफ्टवेअर आदल्या दिवशीच ओळखतं. मग त्यांना उगाच फोन कशाला करायला लावायचा?"

टाळ्या पडल्या. सवयीने मीही दोन वाजवल्या, त्याची अजून लाज वाटते. ताई वहीकडे बघत होत्या.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "ताई, खरं सांगून टाका ना. लोक भलतंच मागतात, तुम्ही वळवता. साहेबांना ते कळायला हवं."

"आणि चारकोपचा म्हातारा? उद्या हा साहेब ती गंमत म्हणून पेपरात छापून आणेल. कट्ट्यावर त्याची वाट लागेल."

"मग मी सांगतो."

"गप रव, मेल्या."

मी गप्प राहिलो. राहायला नको होतं, असं मला आजही वाटतं.

शेवटच्या दिवशी पाच वाजता लाइन बंद होणार होती. साडेचारला ताईंनी काचेखालचा लॉग काढला, चुरगळला आणि टोपलीत टाकला. "आज कोणाला वळवणार नाही," म्हणाल्या. फोन वाजला तो घाटकोपरच्या बाईंचा. साड्यांना फॉल लावायचं त्यांचं छोटं दुकान होतं आणि त्या रोज याच सुमाराला फोन करायच्या. ताईंनी स्पीकर चालू केला.

"बोला. आज तुमच्या मनातलं सांगा. लागेल असं नाही, पण अगदी तेच लिहून घेते."

पलीकडे शिलाई मशीन थांबलं.

"असं काय करता ताई? तुम्ही सांगा ना नेहमीसारखं, हे नको, ते घ्या. मग मी हो म्हणते."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुमचं गाणं मिनिटावर लागतं हो! माझा जावई कॉम्प्युटरवरच असतो, त्याने केव्हाच सांगितलं, की मम्मी, हे आधीच ठरलेलं असतं. असू दे म्हटलं. काय लावू म्हणून मला दुसरं विचारतंय कोण?"

ताईंनी वाकून टोपलीतला कागद काढला, मांडीवर सपाट केला आणि चष्मा वर सरकवून बोट फिरवलं.

"पाच दहाला एक आहे. झिम्म्याचं. पण तुम्हाला नाही आवडायचं, फार उड्या आहेत त्यात."

"वा! मला तेच हवंय."

"बघा हं. मग म्हणाल गुडघे दुखले."

"लावाच तुम्ही. लागलं की करते फोन."

"करा," ताई म्हणाल्या. आज शेवटचा दिवस आहे, हे त्यांनी सांगितलंच नाही.

पाच वाजता एक माणूस आला आणि वायर काढून, गुंडाळून घेऊन गेला. ताईंनी पर्स उचलली, माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि लिफ्टची वाट न बघता जिना उतरून गेल्या.

पाच दहाला झिम्म्याचं गाणं लागलं. मी ताईंच्या टेबलाशी उभा राहून ते शेवटपर्यंत ऐकलं. घाटकोपरच्या बाई नंबर फिरवत असणार.