बघूसाहेबांनी चालवलेली कात्री

पाणीखात्याच्या तक्रार विभागात त्यांनी सगळी नोकरी काढली, पण त्यांचं खरं नाव तिथे कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळे त्यांना बघूसाहेब म्हणत. नळाला पाणी नाही, पाण्याला वास येतोय, पाइप फुटून गल्लीचं तळं झालंय, काहीही सांगा. ते चष्मा काढून पुसत, मान हलवत आणि फार सहानुभूतीने म्हणत, "बघू." त्यांनी एकही तक्रार कधी नाकारली नाही आणि एकही निकाली काढली नाही. निरोप समारंभात वरिष्ठ म्हणाले, "यांच्याविरुद्ध कधी कुणाची तक्रार आली नाही." ते खरंच होतं. तक्रारी घ्यायचं काम यांच्याकडेच होतं.

घरी वेगळं काही नव्हतं. घर बायकोने पसंत केलं, लेकीचं लग्न बायकोने जमवलं, पडद्यांचा रंगसुद्धा तिनेच ठरवला. यांनी प्रत्येक वेळी पेपरमागून "बघू" म्हटलं आणि पेपर खाली केला तेव्हा पडदे लागलेले होते.

बाहेरच्या खोलीतलं रबराचं झाड मात्र बायकोने आणलेलं नव्हतं. ते आणलं होतं यांच्या थोरल्या बहिणीने. ताई आल्या, कुंडी खिडकीशी ठेवली, एकदा भावाकडे आणि एकदा भावजयीकडे नजर टाकून म्हणाल्या, "या खोलीत काहीतरी जिवंत असलेलं बरं." मग कुंडीची दिशा दोनदा बदलून त्या गेल्या.

लेकीच्या बाळंतपणासाठी बायको तिच्याकडे राहायला गेली. जाताना तिने सूचनांचा भडिमार केला. गॅस बंद करा, दूध तापवा, गच्चीवरच्या टाकीवर नजर ठेवा. झाडाबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. गडबडीत विसरली असेल, असं यांना वाटलं.

आणि एका सकाळी ताईंचा फोन आला. "दोन-अडीच महिन्यांनी येतेय. माझं झाड कसं आहे?"

"छान आहे," हे म्हणाले आणि मग झाडाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. शेंडा तपकिरी पडला होता. वरची पानं गळून कुंडीभोवती चामड्याच्या तुकड्यांसारखी पडली होती. खोडाच्या वरच्या भागाला सुरकुत्या पडल्या होत्या आणि माती इतकी कोरडी, की कुंडीच्या कडेपासून सुटली होती.

 सवयीप्रमाणे बघूसाहेबांनी प्रकरण दुसऱ्याकडे सरकवायला घेतलं. समोरच्या दारात दाताचे डॉक्टर राहत. त्यांनी खोडावर टिचकी मारून पाहिली, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "वाचवण्यात अर्थ नाही. उपटून टाका, कृत्रिम बसवा." खालच्या मजल्यावरच्या निवृत्त व्यायामशिक्षिका म्हणाल्या, "लाडावलंय. उन्हात उभं करा." बघूसाहेबांनी दोघांचंही पटलं असं सांगितलं आणि झाड होतं तिथेच ठेवलं.

शेवटी लेकीला फोन लावला. मागे बाळ टाहो फोडत होतं.

"बाबा, नखाने साल खरवडा. आत हिरवं दिसलं तर जिवंत, तपकिरी असलं तर मेलेलं. मेलेलं तेवढं कापून टाका. थोडं थोडं, वरून खाली. जिवंत भाग आला की पांढरा चीक येईल. मग थांबा."

"कापायचं कुणी?"

"तुम्ही!"

"तुझ्या आईला जरा विचारशील का?"

"आईला यातलं काही सांगू नका," लेक घाईघाईने म्हणाली आणि फोन ठेवला. हे तिने का म्हटलं, याचा विचार करायचं यांना सुचलं नाही.

स्वयंपाकघरातली मोठी कात्री घेऊन ते झाडासमोर खुर्ची ओढून बसले. चहा थंड झाला. त्यांच्या आयुष्यात असा प्रसंग आला नव्हता, जो वरिष्ठांकडे पाठवता येत नाही, शेजारच्या टेबलावर ढकलता येत नाही आणि थांबलं तर आपोआप मिटतही नाही. उलट थांबलं तर झाड आणखी खाली वाळत जाणार होतं. त्यांनी नखाने साल खरवडली. तपकिरी. आणखी खाली. तपकिरीच. मग डोळे मिटून त्यांनी कात्री दाबली.

कट्. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज. चीक नाही. पुन्हा कापलं, चीक नाही. झाड एवढंएवढंसं होत चाललं आणि त्यांच्या कपाळावर घाम आला. मनात ताई दिसायला लागल्या. अर्ध्याहून अधिक खोड जमिनीवर पडलं, तेव्हा कात्री एकदम ओल्यात रुतली आणि कापल्या जागी पांढराशुभ्र थेंब टपोरा होत आला. बघूसाहेब रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले, "आहे! आहे!"

उरला होता एक बोडका बुंधा आणि खालच्या बाजूला कसंबसं तग धरून राहिलेलं एक पान. कापलेली जागा त्यांनी पुसली, माती मोकळी केली, तळातून निथळेपर्यंत पाणी घातलं, आणि माती वरून सुकल्याशिवाय पुन्हा घातलं नाही. रोज उठून ते बुंध्याला नाक लावून पाहत. बरेच दिवस काही घडलं नाही. मग एके दिवशी सालीला एक फोड आला, पलीकडे दुसरा, त्यातून लालसर टोकं निघाली. त्यांनी डॉक्टरांना बोलावून दाखवलं. डॉक्टर म्हणाले, "दुधाचे दात आहेत, पडतील." पडले नाहीत.

बायको परत आली. पिशव्या खाली ठेवायच्या आत तिची नजर खिडकीकडे गेली. एका शेंड्याच्या जागी आता तीन शेंडे होते, पानं तेल लावल्यासारखी चमकत होती.

"हे काय?"

"वाचवलं!" हे छाती काढून म्हणाले.

ती मटकन बसली. "अहो, वर्षभर मी त्याला पाणी तोडत आणलं होतं! सांगता येत नव्हतं तुमच्या बहिणीला, म्हणून हळूहळू. आणि तुम्ही एकाची तीन केलीत?" मग तिने तोंडावर पदर धरला. ती रडतेय की काय म्हणून हे घाबरले. ती हसत होती.

ताई ठरल्याप्रमाणे आल्या. झाडाला प्रदक्षिणा घालून म्हणाल्या, "उंची कुठे गेली? कुणी केलं हे?"

"मी कापलं," बघूसाहेब म्हणाले. "मेलं होतं तेवढं."

"तू?" ताईंनी भावजयीकडे पाहिलं, साक्षीदाराकडे पाहावं तसं. "बरं. याला सोबत हवी. उद्या अजून दोन कुंड्या पाठवते."

"नको."

हे बघूसाहेबच बोलले होते. बायकोने हातातला कप बशीत ठेवला, तोही आवाज न करता. ताईंनी चहा अर्धा टाकला आणि गेल्या.

त्यानंतर बघूसाहेबांना त्या शब्दाची चटक लागली. जिन्याला रंग द्यायचा का? नको. डॉक्टरांनी दाताच्या तपासणीला बोलावलं. नको. बायकोने विचारलं, "जेवायला वाढू?" तर तोंडून "नको" निघालं, आणि तिने खरंच वाढलं नाही. त्या दिवशी भुकेपोटी त्यांचा जोर ओसरला.

ताईंचा अबोला पावसाळाभर टिकला. मग फोन आला, तोही भावजयीला. त्यांच्या दारातलं जास्वंदीचं झाड वाळत होतं. "त्याला म्हणावं, कात्री घेऊन ये."

दोघं गेली. कात्री बायकोने आपल्या पर्समध्ये ठेवली होती. तिथे ताईंनी दोन्ही हातांनी फांदी धरली, बघूसाहेबांनी साल खरवडली, आणि ताई तोंड उघडून काहीतरी सांगणार तोच ते म्हणाले, "ताई, जरा वर धर." ताईंनी वर धरली.