फटी बुजवलेली भिंत

ठाण्याला आगगाडी येऊन तीस वर्षं होत आली होती, तरी खाडीतला माल अजून होड्यांतूनच जायचा. आणि सिल्वेस्टरने बांधलेली होडी गळली, असं सांगणारा माणूस काठावर शोधून सापडला नसता. म्हणूनच तर त्याच्या डोक्यात जरा हवा गेली होती!

घरी म्हातारी आई, गर्ट्रूड. दम्याने बेजार. तिची खाट पश्चिमेच्या मातीच्या भिंतीला लागून. पावसाळ्याआधी गावात सगळेच त्या अंगाला विणलेल्या झावळ्यांची झापं बांधत आणि पाऊस सरला की सोडत. त्या वर्षी सिल्वेस्टर म्हणाला, "कसली ही दरवर्षीची कटकट? आये, मी होडीसारख्या फळ्या मारतो. थेंब शिरला तर बापाचं नाव लावणार नाय."

"झापंच बरी रे," म्हातारी म्हणाली. ऐकतोय कोण!

कल्याणच्या वखारीतून सागाच्या फळ्या आल्या. जोत्यापासून वळचणीपर्यंत त्याने त्या बाहेरून भिंतीला चिकटवून ठोकल्या, फटींत कापसाची वात कोंबली, वर राळ-तेल फासलं. काम मात्र देखणं झालं. शेजारीण ज्युलियाना रोज येऊन त्यावर हात फिरवायची. "बाई गं, आरसाच की!"

पाऊस लागला. बाहेरून थेंब आत गेला नाही, हे अगदी खरं. पण महिन्याभरात म्हातारी म्हणू लागली, "भिंतीला घाम येतो रे. गोधडी ओली होते."

"माझं काम गळत नाय," सिल्वेस्टर खेकसला. "तुलाच घाम येत असेल."

शब्द तोंडातून गेला तो गेला. पुढे ती बोलेनाशीच झाली, नुसती खोकायची. आणि हा पठ्ठ्या खोकला कानावर पडू नये म्हणून दिवसभर खाडीवर खिळे ठोकत बसायचा.

एका सकाळी ज्युलियानाने झाडायला खाट ओढली, भिंतीला हात टेकला, तर बोटं आत रुतली. तिची हाक ऐकून सिल्वेस्टर पहार घेऊन भर पावसात धावला. फळी उचकटली, तशी मागची माती कणकेसारखी तिच्याबरोबर सुटून आली. होडीला पाणी बाहेरून लागतं. भिंतीत ते जमिनीतून वर चढतं, आणि झापांमागे वारा खेळतो म्हणून सुकतं. याने वाऱ्याची वाटच बुजवली होती. गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं, पण एवढ्या नावाजलेल्या होडीवाल्याला सांगणार कोण?

भिंतीला झापं लागली, खाट ज्युलियानाच्या घरी हलली. पण ओलीने धरलेली छाती काही सुटली नाही. नाताळ बघायला म्हातारी राहिली नाही.

तिला पुरायची पेटी सिल्वेस्टरने त्याच फळ्यांची केली. ज्युलियाना हळूच म्हणाली, "फटी राहिल्यात रे."

"राहू दे," तो म्हणाला, आणि त्याला रडू कोसळलं. "आता तरी तिला वारा लागू दे."