एका अंशात किती लीग

अंशकाका बंदराच्या नकाशा विभागात अडतीस वर्षं होते. जुन्या जहाजांच्या रोजनिश्यांमधली अंतरं किलोमीटरमध्ये करून द्यायची, हे त्यांचं काम. कुठलीही रोजनिशी समोर आली की पहिला प्रश्न ठरलेला, "हा खलाशी एका अंशात किती धरतो?" लीग हे जुनं समुद्री माप सगळ्यांचं सारखं नव्हतं. पृथ्वीच्या एका अंशाचे कोणी वीस लीग करायचे, कोणी साडेसतरा. या प्रश्नावरूनच त्यांना ते नाव पडलं. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. त्यांचं खरं नाव मला दारावरच्या पाटीमुळेच माहीत.

त्यांची बायको शाळेत गणित शिकवायची. सगळी गल्ली तिला बाई म्हणे, अगदी दूधवालासुद्धा. काका निवृत्त झाल्यावर तारांगणाच्या संचालकांनी त्यांना एक काम दिलं. जुन्या खलाशांच्या मापांत आकाश किती दूर, याचा मोठा फलक करायचा होता. चंद्र किती लीग, सूर्य किती सागरी मैल, सगळ्यांत जवळचा तारा सहा फुटी वावांत किती.

काका हरखून गेले. "अगं, वीसच्या हिशोबानं चंद्र एकोणसत्तर हजार लीग, आणि साडेसतराच्या हिशोबानं साठ हजार पाचशे! नुसता खलाशी बदलला की चंद्र साडेआठ हजार लीग जवळ येतो."

"मग तुम्ही दूरचाच खलाशी धरा," बाई म्हणाल्या. "जवळ आला तर त्याला चहा कोण देणार?"

खिडकीजवळच्या टेबलावर दोघं समोरासमोर बसायची. काका आकडेमोड करून पान पुढे सरकवायचे, बाई ती पुन्हा करून हिरव्या शाईने बरोबरची खूण करायच्या. अठ्ठेचाळीस पानं झाली. काका मला म्हणाले होते, "माझ्या आकड्यावर माझा भरवसा नाही. तिच्या खुणेवर आहे."

फलक लागला. दोघं नीटनेटके कपडे घालून बघायलाही गेली. तिसऱ्या आठवड्यात एका शिक्षिकेचं पत्र तारांगणात आलं. केबल हे माप म्हणजे सागरी मैलाचा दहावा भाग. मग चंद्र दोन लाख सात हजार सागरी मैलांवर असेल, तर केबल वीस लाखांवर हव्यात. फलकावर दोन्हीकडे दोन लाख सात हजारच होते. माझ्या वर्गातल्या मुलींनी चूक काढली, असं तिने लिहिलं होतं.

शून्य काकांच्याच हातून गळलं होतं. घरी येऊन त्यांनी मूळ पान काढलं. शेजारी हिरवी खूण होती. मग त्यांनी सगळी पानं काढली. शेवटच्या नऊ पानांत त्यांना अकरा चुका सापडल्या आणि अकराही ठिकाणी हिरवी खूण होती.

बाई भाजी निवडत होत्या.

"हा चंद्राचा आकडा तू करून पाहिला होतास ना?"

"पाहिला की."

"साठ भागिले वीस किती, सांग बरं."

बाई हसल्या. "परीक्षा घेताय काय माझी?"

"सांग ना."

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली, पुन्हा उचलली. मग म्हणाल्या, "वर्ष होत आलं. आकडा दिसतो, पण तो मला काही सांगत नाही. वेलबुट्टी काढल्यासारखा दिसतो नुसता."

"आणि तू खुणा करत राहिलीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही काम सोडून मला घेऊन दवाखान्यात बसला असता. तुम्ही किती खुशीत होता. म्हटलं, यांचं चुकत नाही कधी."

हे मला नंतर सांगताना काका माझ्याकडे न बघता भिंतीशीच बोलत होते.

त्यांनी संचालकांना चार ओळींचं पत्र लिहिलं. सर्व चुका माझ्या, तपासणी मी केली नाही. बाईंचं नाव फलकाच्या खालच्या कोपऱ्यात होतं. ते त्या पत्रात कुठेच आलं नाही. फलक उतरला. संचालक भले होते, म्हणाले, "पुन्हा करून द्या, आम्ही थांबतो." काकांनी नकार दिला. "तपासायला माणूस नाही माझ्याकडे," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, संगणकावर तपासून घेऊ, मी बसतो तुमच्यासोबत. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय सोडून दिला.

डॉक्टरांनी सांगितलं ते अपेक्षितच होतं. गोळ्यांनी थोडे दिवस मिळतील, गेलेलं काही परत यायचं नाही. आधी बाईंना पैशांची मोड कळेनाशी झाली, मग घड्याळ, मग जिना. मुलगी दूर देशातून पंधरा दिवस येऊन गेली, जाताना माझा फोन नंबर घेऊन गेली. दुसऱ्या वर्षी बाई काकांना शाळेचे शिपाई समजू लागल्या. "घंटा झाली का हो?" असं दिवसातून वीसदा विचारायच्या. काका सुरुवातीला समजावत, चिडत. नंतर नुसतं "झाली, बाई" म्हणायला लागले.

एकदा दुपारी मी औषधं द्यायला वर गेलो. काका त्यांना पेज भरवत होते. बाईंनी चमचा हाताने बाजूला केला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हा माणूस रोज येतो. याच्या घरी कोणी नाही का?"

काकांनी पेज ढवळली. "नाही," ते म्हणाले, आणि चमचा पुन्हा पुढे केला.