टारबेनाचं पान

नवरा बायकोच्या मामेभावावर जळतो, ऑफिसातल्या साहेबावर जळतो, झालंच तर तिच्या माहेरच्या कुत्र्यावरही जळतो. हे सगळं मी पाहिलेलं आहे. पण माझा भाऊ कमळाकर जळला तो पुस्तकातल्या एका माणसावर. आणि जळला म्हणजे गमतीत नव्हे. ताटावरून उठण्यापर्यंत मजल गेली.

आम्ही वाशीगावचे मढवी. बाबांची शेती आणि मिठागर नव्या शहरात गेलं, बाबाही त्यानंतर फार टिकले नाहीत, आणि कमळाकरला बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या फाटकावर नोकरी लागली. ट्रक आला की फाटक उघडायचं, गेला की लावायचं. मी त्याला दादूस म्हणते. या दादूसच्या तोंडातून शब्द काढणं म्हणजे कालवं फोडण्याचं काम. 'हां', 'नाय' आणि 'बघू' एवढ्यावर त्याचा संसार चालायचा. माझं लग्न कोपरखैरण्यात झालं, म्हणजे हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मी अर्धीअधिक माहेरीच असायची. जे सांगते ते डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

पिक्चर आधी त्याचंच होतं, हे लक्षात ठेवा. ऐंशीच्या आसपास मुंबईला एक इंग्रजी पिक्चर लागलं. सात चंद्रांवरची सात राज्यं, त्यांची लढाई, आकाशातून धावणारी जहाजं, मंतरलेल्या तलवारी. फाटकावरच्या किसनबरोबर दादूस ते बघून आला आणि त्याला वाचा फुटली! संध्याकाळी ओटीवर जवळा निवडत बसलेल्या बायकांना तो हातवारे करून लढाई सांगायला लागला. सूप हे जहाज, वाटी हा चंद्र. आमची आई, गिरजाबाई, तोंडाला पदर लावून बघत राहायची. तिच्या मुलाला एवढं बोलता येतं हे तिला नवीनच होतं. लग्न झाल्यावर तो सुचित्रालाही खाडीपुलावरून बसने मुंबईला नेऊन ते पिक्चर दाखवून आला. दुसरा भाग लागला तेव्हा दोघं पहिल्याच दिवशी गेली.

सुचित्रा माझी वयनी. उरणची, मॅट्रिक, टायपिंग शिकलेली, वाशीच्या नव्या वसाहतीत एका ऑफिसात कामाला. तिथल्या मालतीबाई मुंबईत फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी पुस्तकं आणायच्या. त्यांनी तिला एक पुस्तक दिलं, त्याच पिक्चरवरून काढलेली कादंबरी. मग दुसरं, मग तिसरं. एका पुस्तकात पिक्चरचीच गोष्ट होती. बाकीच्यांत पिक्चरमध्ये नसलेली, दोन भागांच्या मधल्या काळातली. वयनी मांडीवर डिक्शनरी घेऊन वाचायची आणि संध्याकाळी ओटीवर येऊन सांगायची.

इथेच दादूसचं घोडं अडलं.

कारण पिक्चरमध्ये राणी नुसते हुकूम सोडते. पुस्तकातली राणी हुकूम सोडून झाल्यावर बाही खाली ओढून घेते, हात थरथरलेला कुणाला दिसू नये म्हणून. पिक्चरमधला सेनापती येतो, माणसं मारतो, जातो. पुस्तकातला सेनापती लढाईच्या आधी आपल्या म्हाताऱ्या मास्तरांच्या दारापर्यंत जातो आणि कडी न वाजवता परत फिरतो. हे ऐकल्यावर त्या सेनापतीला शिव्या घालताना आमच्या बायका जरा थांबायला लागल्या.

"असं काय झालंच नाय," दादूस म्हणाला. "मी दोनदा बगितलाय पिक्चर."

"पिक्चरात दाखवलं नाय म्हनून झालं नाय काय?" वयनी म्हणाली.

"दाखवतील कसं?" आई मध्ये पडली. "मनातलं कदी दिसतं का रं? ते सांगायलाच लागतं."

सासूनं सुनेची बाजू घेतली! दादूसनं सूप खाली ठेवलं आणि त्या दिवसापासून त्याचं जहाज बंदराला लागलं ते लागलंच. आता बायका त्याला विचारीनात. त्याच्या अंगणात, त्याच्याच ओटीवर, त्याचीच गोष्ट, आणि ऐकायचं दुसऱ्याकडून. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. बाबा, तुला कुणी अडवलं होतं वाचायला?

एवढ्यावर निभावलं असतं. पण मग टारबेन आला.

हा टारबेन दुसऱ्या भागात एवढासा दिसतो. राणीचं जहाज निसटायला हवं म्हणून बंदराचं दार उघडं धरून ठेवतो. "तुम्ही निघा," म्हणतो, आणि मागे राहून मरतो. चेहराही धड दिसत नाही. पण कादंबरीवाल्यानं त्याच्यावर अख्खं पुस्तक लिहिलेलं. त्याचं गाव एका तळ्याच्या काठी. राजाला आकाशातल्या जहाजांसाठी बंदर हवं होतं, म्हणून तळं बुजवलं, गाव उठवलं, आणि त्याच गावच्या पोराला बंदराच्या दाराशी चाकरीला ठेवलं. आंबट भाकरी त्याला आवडायची. भाऊ गेला, आई गेली, कुणी राहिलं नाही. दार धरून उभा असताना तो काय काय आठवतो, त्याचीच पानंच्या पानं.

वयनी ते सांगताना रडली. आई रडली. मीही रडले, लपवायचं काय त्यात? आमचं मिठागर गेलेलं, आम्हाला ते सातासमुद्रापलीकडचं वाटलंच नाही. फक्त दादूस खांबाला टेकून उभा होता, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

त्यानंतर घरात टारबेन राहायलाच आला. भाजीत मीठ जास्त पडलं, की वयनी म्हणणार, "टारबेन असता तर गप खाल्लं असतं." बस चुकली, की टारबेनानं कशी वाट बघितली ते निघणार. एकदा दादूसनं ते पुस्तक तांदळाच्या पिंपात लपवलं. वयनीनं ते शोधून काढलं, झटकलं आणि काही न बोलता पुढे वाचायला बसली. भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

पुढे तो भाग मुंबईला मॅटिनीला परत लागला तेव्हा दादूस एकटाच गेला. हे मला किसननं सांगितलं. टारबेन पडद्यावर खरोखर किती वेळ असतो ते त्याला बघायचं होतं, घरी येऊन वयनीच्या तोंडावर फेकायला. दुसऱ्या दिवशी फाटकावर तो किसनला म्हणाला, "त्याचं तोंड दिसत नाय रे पिक्चरात. पन या टायमाला मना दिसलं." आणि मग दिवसभर त्यानं ट्रकवाल्यांवर राग काढला. कादंबरीनं त्याचंही पिक्चर बदलून टाकलं होतं, आणि बायकोनं ज्याला डोक्यावर घेतलं तो माणूस खरंच चांगला होता. शत्रू वाईट असला की निदान झोप तरी लागते.

त्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. बाबांचं पान ठेवायचं म्हणून मी सकाळीच आले. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं केळीच्या पानावर वाढून दादूस शिडीवरून पडवीच्या कौलांवर ठेवत होता. वयनीनं खालून दुसरं पान वर केलं.

"हे कोनाचं?" दादूसनं विचारलं.

आईच बोलली. "टारबेनाचं. ज्याला कोन नाय त्याच्या नावानं एक पान ठेवायचं असतं. मेला ना तो बिचारा? मीच बोलले, वाड."

त्यावर आंबट भाकरीही होती. वयनीनं तांदळाचं पीठ रात्रीच भिजवून आंबवलं होतं. दादूसनं ते पान घेतलं, बाबांच्या पानाशेजारी ठेवलं आणि खाली उतरला. त्याचे कान लाल झाले होते.

कावळा आला. सरळ टारबेनाच्या पानावर बसला आणि भाकरीला चोच लावली. बाबांच्या पानाकडे त्यानं ढुंकून बघितलं नाही.

आमच्यात कावळा शिवला नाही, की गेलेल्या माणसाचं काहीतरी राहून गेलंय असं धरतात. मग काय राहिलंय ते ओळखून तोंडानं कबूल करायचं. आई हात जोडून सुरू झाली. पोरांना सांभाळीन, देव्हारा मोडू देणार नाही, ताडी ठेवीन. कावळा टारबेनाची खीर खात होता.

"त्याच्या पानाला बरा लगेच शिवला," दादूस वयनीला म्हणाला. "त्याचं काय राह्यलंय ते तुला म्हाईत असंल."

"तळं एकदा बघायचं व्हतं त्याला," वयनीच्या तोंडून निघून गेलं.

"आनि माझं?" दादूस ओरडला. तो ओरडलेला मी जन्मात पहिल्यांदा ऐकला. "उद्या मी मेलो, माझ्या पानाला कावला नाय शिवला, तर काय सांगशील त्याला? मी बी फाटकच उगडतो. माझं बी गाव त्यांनी घेतलं. माझं काय राह्यलंय, सांग!"

वयनीला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि आईलाही नव्हतं.

मग वयनी म्हणाली, "मना कदी सांगितलंत काय तुमी?"

"तू कदी इचारलंस?"

"टारबेनाला तरी मी कुटं इचारलं?"

"त्याचं लिवलेलं व्हतं."

वयनी पायरीवर बसली आणि त्याच्यासाठी बाजूला सरकली. "माझ्या वाचनात तुमी नाय आलात," ती म्हणाली. "सांगा आता. काय राह्यलंय?"

मला वाटलं, हा 'बघू' म्हणणार. तो बसला. अंगठ्यानं माती उकरायला लागला.

"बाबांचा मिठाचा मचवा खाडीतून जायचा तवा," तो म्हणाला, "मना घेऊन जानार व्हता एकदा. मी तापलो. म्होरच्या टायमाला जाऊ बोलला. मग मिठागरच नाय राह्यलं."

"मग?" वयनीनं विचारलं. तशीच पुढे वाकून, जशा बायका ओटीवर तिला विचारायच्या. आणि इथे माझ्याही पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू? माझ्या घरात मला कुणी असं 'मग?' विचारलेलं नव्हतं.

"मचवा नको व्हता मना. मचव्यावरचा शिवराम तांडेल सांगायचा, तुजा बाप सुकानूवर बसला का गातो. सगली खाडी पार होईस्तोवर गातो. घरात तर बाबा कदी गायला नाय. मना ते गानं ऐकायचं व्हतं. तेवडंच राह्यलंय."

वयनीनं त्याचा हात धरला. सगळ्यांदेखत धरला. पण मी आईकडे बघत होते, कारण तिनं जोडलेले हात सोडले होते.

"गायचा?" आई म्हणाली. "तो?"

दादूसनं मान हलवली.

"काय गायचा?"

"शिवरामलाच म्हाईत व्हतं. तो बी गेला."

बाबा गेल्यापासून त्यांच्या नावानं आई फक्त रडली होती. आज मात्र तिनं कमरेला पदर खोचला आणि बाबांच्या त्या न शिवलेल्या पानाकडे बोट केलं.

"जलमभर भात मी वाडला," ती म्हणाली, "नि गानं खलाशांना!"