लिहिलंय तेवढंच

इंद्रजीत खरातांना आमच्या ऑफिसात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे दादा म्हणतात. मालक राजेंद्र सर त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठे, तेही दादाच म्हणतात.

चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका गाळ्यात आमचं बारा माणसांचं ऑफिस. आम्ही तळहाताएवढे सर्किट बोर्ड बनवतो. बोर्ड नेटवर्कच्या केबलला जोडला की तो शीतगृहाचं तापमान, पंपाचा दाब असं काय काय कॉम्प्युटरच्या पडद्यावर दाखवतो. बोर्डाबरोबर गिऱ्हाइकाला एक नमुना प्रोग्राम मिळतो. त्यानं आधी तो चालवून बघायचा, हात बसवायचा, मग त्यावर स्वतःचं काम उभं करायचं. हा नमुना कसा चालवायचा याची पुस्तिका दादांनी लिहिलेली. तेरा पानं आणि तीही मराठीत.

मराठीत का, ते दादा चहाच्या वेळी सांगायचे. त्यांचे वडील कचरू खरात रेल्वेच्या मालधक्क्यावर पोती उचलायचे. दादा डिप्लोमाला गेले तेव्हा प्रयोगशाळेत मशीनची पुस्तिका एकच होती, इंग्रजी, आणि ती पुढच्या बाकांवरच फिरायची. एकदा धीर करून त्यांनी मागितली, तर सर म्हणाले, "तुझ्या डोक्यावरून जाईल. तू नुसतं बघ." दादा हे त्या सरांचा आवाज काढून सांगायचे, अगदी नाकात. आणि शेवटी दर वेळी म्हणायचे, की म्हणूनच मी असं लिहिलंय की वाचणाऱ्याला कुणाचं तोंड बघावं लागू नये. तेराव्या पानाच्या तळाशी त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं: अभिनंदन! तुमचा बोर्ड बोलू लागला.

खरं सांगायचं तर ती तेरा पानं आमच्यापैकी कुणी वाचलीच नव्हती. गरजच पडायची नाही. नवा लॅपटॉप आला, नवा माणूस आला, काही अडलं, की "दादा, जरा" अशी हाक जायची. दादा चाकाची खुर्ची ढकलत यायचे, आपल्या खांद्यावरून हात पुढं घालून कीबोर्डवर टकटक करायचे, "झालं" म्हणायचे आणि खुर्चीसकट परत जायचे. काय केलं, हे कुणी विचारलं नाही. त्यांनाही सांगता आलं असतं की नाही, कोण जाणे. माझं काम गिऱ्हाइकांचे फोन घेण्याचं. नाट्यशास्त्र शिकून आलेल्या पोरीला आवाज बरा म्हणून मिळालेलं. माझं टेबल दादांच्या शेजारी, त्यामुळे मी कितीदा तरी पाहिलंय. टकटक करताना त्यांचं लक्ष पडद्याकडेही नसायचं. फोन कानाला, तोंड तिसऱ्याशी बोलतंय, आणि हात आपलं काम करून मोकळे.

जूनमध्ये लाइबा आली. लाइबा शेख, फुलंब्रीची. रोज एसटीनं जाऊन-येऊन. दहावीपर्यंत उर्दू शाळा, मग शहरात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा. तीन महिने काम बघायचं आणि मग कायम करायचं, असं ठरलेलं. तिच्या अम्मीनं, जैतुनबीनं, मोहल्ल्यात कुणाला सांगितलंसुद्धा नव्हतं. कायम झाल्याचा कागद हातात पडला की मगच सांगायचं, असं त्यांचं ठरलेलं.

दादा त्याच सुमारास हाकांना वैतागले होते. एका सकाळी त्यांनी जाहीर केलं, की या पोरीला कुणी मदत करायची नाही. नवाकोरा लॅपटॉप घेईल, पुस्तिका वाचेल आणि नमुना चालवून दाखवील. आम्ही माना हलवल्या.

चार दिवस गेले. बोर्डावरचा हिरवा दिवा लागायचा, पण पडद्यावर तापमानाचं पान काही उमटायचं नाही.

त्यातल्या दुसऱ्याच दिवशी ती दादांकडं आली होती. दादा एका बोर्डावर सोल्डरिंगचे डाग देत होते, मोबाइल खांदा आणि कानात धरलेला. तिनं विचारलं, "सर, बोर्डाला पत्ता आहे. तसा लॅपटॉपला पण द्यावा लागतो का?"

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता असतो. बोर्ड एका गल्लीत आणि लॅपटॉप दुसऱ्याच गल्लीत असला, तर एकाची हाक दुसऱ्याला जात नाही. तिनं नेमकं तेच विचारलं होतं. दादांनी मानही वर केली नाही.

"पुस्तिकेत लिहिलंय का तसं?"

"नाही."

"मग? लिहिलंय तेवढंच कर."

तिनं तेवढंच केलं. किती वेळा, ते तिलाच माहीत. चौथ्या दिवशी ऑफिसात कुजबुज सुरू झाली, की उर्दू मीडियमची आहे, मराठी कच्चं असणार. पहिल्यांदा कोण म्हणालं आठवत नाही. मी म्हणाले नसेन असं छातीठोकपणे सांगवत नाही. उलट मी तिच्याजवळ गेले आणि लहान पोरांशी बोलतात त्या सुरात विचारलं, "लाइबा, मी एकेक ओळ वाचून दाखवू का?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "वाचता येतं मला, ताई."

डब्याच्या वेळी मी हे सगळ्यांना तिच्या आवाजात करून दाखवलं. सगळे हसले. चांगलं जमलं होतं.

त्यानंतर तिला खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. ऑगस्टच्या शेवटी दादांनी तिच्या कामाचा कागद भरून राजेंद्र सरांना दिला: सूचना वाचून काम जमत नाही. मराठी कच्चं. समज कमी. मंगळवारी सरांनी तिला बोलावून सांगितलं, की शनिवार शेवटचा. ती "बरं" म्हणाली आणि उरलेली लेबलं चिकटवायला गेली.

गुरुवारी जालन्याहून तात्यासाहेबांचा फोन आला. तात्यासाहेब कापसाच्या जिनिंगसाठी, शीतगृहांसाठी कंट्रोल पॅनल बनवतात. साठीचे, सगळं स्वतःच्या हातानं करणारे. आमचे पाच बोर्ड त्यांनी नेले होते. नमुना चालला तरच पुढचं बोलू, असं सांगून. मी फोन स्पीकरवर टाकला आणि दादांना हाक मारली.

"खरात साहेब, मी काय लई शिकलेला माणूस नाय," तात्यासाहेब म्हणाले. "तुमचं पुस्तक मराठीत हाय म्हणून तर तुमचा माल घेतला. आता मी वाचतो, वाचलं तसं करतो. तुम्ही फक्त ऐका."

दादांचा चेहरा खुलला. "वाचा, तात्या."

तात्यासाहेब वाचू लागले. ओळीवर बोट ठेवून वाचतायत, हे इथं ऐकू येत होतं. 'केबल टक्क आवाज येईपर्यंत बसवा.' आला आवाज. 'हिरवा दिवा लागेल.' लागला. प्रत्येक पायरीला ते हुंकार भरायचे. सगळं ऑफिस हातातली कामं सोडून ऐकत होतं. आमच्या दादांचं पुस्तक कुणीतरी पहिल्यांदाच मोठ्यानं वाचत होतं. बारावं पान आलं. 'ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका. तापमानाचं पान दिसेल.'

पलीकडं एकेक कळ दाबल्याचा आवाज.

"नाय दिसत."

"केबल काढून परत घाला."

"घातली. नाय दिसत."

"दिवा आहे का?"

"दिवा हाय की. दिव्याला काय धाड भरलीय."

"पुढं काय लिहिलंय बघा," दादा सवयीनं म्हणाले.

पान उलटल्याचा आवाज. "पुढं लिहिलंय, अभिनंदन."

कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मी दादांच्या उजव्या हाताकडं बघत होते. तो टेबलाच्या कडेवर टकटक करत होता. जालन्याच्या त्या खांद्यावरून पुढं जायला बघत होता आणि पोचत नव्हता. मग बोटं थांबली. दादांनी स्वतःच्या हाताकडं पाहिलं, जणू दुसऱ्याच कुणाचा तिथं पडलाय.

"तात्या," ते सावकाश म्हणाले, "तुमच्या कॉम्प्युटरला पत्ता दिलाय का? केबलच्या सेटिंगमध्ये?"

"आँ? हे कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नाही."

"मग मला कसं कळावं, साहेब? मी आपलं लिहिलंय तेवढं केलं."

लाइबा मागच्या टेबलाशी उभी होती. तिच्याकडं कुणी बघितलं नाही. ती तिथं आहे हे माहीत असल्यासारखं सगळ्यांनी मुद्दाम दुसरीकडं बघितलं. तिनं खोक्यावर चिकटपट्टी ओढली. तो चर्रर आवाज मला अजून ऐकू येतो.

ते सेटिंग तात्यासाहेबांना सांगायला दादांना बराच वेळ लागला. आधी समोरच्या लॅपटॉपवर हातांना करू द्यायचं, हात काय करतात ते बघायचं, मग तोंडानं सांगायचं. शेवटी तिकडून आवाज आला, "दिसलं. सत्तावीस डिग्री." आणि मग अगदी आदबीनं, "हे एक पान छापायचं राहून गेलं का तुमचं?"

"हो," दादा म्हणाले. "छापायचं राहिलं."

फोन ठेवून ते राजेंद्र सरांच्या केबिनमध्ये गेले. तिथं काय झालं, ते त्यांनी मला नंतर क्रांती चौकात सोडताना सांगितलं, स्कूटर बंद करून, खाली बघत. त्यांना आत सरळ बोलता आलं नव्हतं. पुस्तिका चुकलीय हे ओठावर आलं आणि बाहेर पडलं ते असं, की पोरीला अजून एक संधी देऊन बघू. सर म्हणाले, तुम्ही म्हणता तर देऊ की, मन मोठं आहे तुमचं. हे ऐकूनही दादा गप्प राहिले. "शरम अशी की घशात अडकली होती," ते मला म्हणाले. "आणि मोठं मन म्हटल्यावर तर गिळूनच टाकली."

बाहेर येऊन ते लाइबाच्या टेबलाशी थांबले. "सरांशी बोललोय मी. अजून तीन महिने बघू. संधी देतायत तुला."

"कशाची संधी, सर?"

दादांनी टेबलावरचं एक लेबल उचलून परत ठेवलं.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी. लॅपटॉपला पत्ता लागतो का म्हणून."

"हो."

"आठवतं तुम्हाला?"

"आज आठवलं."

तिचा आवाज चढला नाही. "मग संधी नको मला. त्या कागदावर समज कमी लिहिलंय. तो कागद तिथं असताना मी इथं कशी बसू? उद्या दुसरीकडं गेले, तर ते तुम्हाला फोन लावून विचारणार, तुम्ही कागद बघून सांगणार. तो बदला. मला ठेवायचं का नाय, ते मग ठरवा."

रंगमंचावर वाक्य विसरलेला नट विंगेकडं बघतो. तिथून कुणीतरी शब्द पुरवील अशी त्याला आशा असते. दादांनी कुठंच पाहिलं नाही. तिथलंच स्टूल ओढून बसले, एक कोरा कागद घेतला आणि लिहून तिच्यापुढं केला. काही गैरसमजामुळे आधीचा शेरा दिला गेला, असं होतं त्यात.

तिनं वाचला आणि परत दिला. "गैरसमज कुणाचा?"

आम्ही नऊ-दहा जणं होतो तिथं. दादांनी तो कागद फाडून दुसरा घेतला. या वेळी त्यांना वेळ लागला. लिहून झाल्यावर तिच्या हातात न देता ते उभे राहिले आणि वाचू लागले. पुस्तिका अपुरी होती. ती मी लिहिली. चूक कुठं आहे, ते लाइबा शेख यांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं. मी ऐकलं नाही. मराठी कच्चं असल्याचं मी न तपासता लिहिलं, ते खोटं आहे. खाली सही, तारीख.

वाचून झालं तरी ते उभेच होते. मग कुणाकडंही न बघता म्हणाले, "आमचे डिप्लोमाचे सर नुसतं बोलले होते. मी तर लिहून दिलं."

राजेंद्र सर केबिनच्या दारात आले होते. त्यांनी कागद घेतला, जुना काढून फाडला आणि नवा फाइलला लावला. लाइबानं त्याची एक प्रत मागून घेतली, घडी घालून पर्समध्ये ठेवली. मला तिच्याशी बोलायचं होतं. शब्द जुळवत मी तिच्या टेबलाशी गेले, तर ती म्हणाली, "ताई, तेवढी चिकटपट्टी द्या." मी दिली. माझी माफी तेवढ्यावरच राहिली.

शनिवारी ती आली की नाही, ते सांगायचं राहिलं. आली, आणि सगळी लेबलं संपवून गेली. सोमवारी येईल की नाही, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. त्या सोमवारी दादा नऊलाच येऊन बसले होते. पुंडलिकनगरहून रोज साडेनऊला निघणारा माणूस. समोर खोक्यातून काढलेला नवा लॅपटॉप, पुस्तिका आणि पेन.

लाइबा साडेनऊला आली. लेबलांच्या टेबलाकडं न जाता दादांच्या समोरची खुर्ची ओढून बसली. दादांनी दोन्ही हात मांडीखाली घेतले. ती वाचणार, ती करणार, ते नुसते बघणार, असं एका वाक्यात ठरलं.

दुसऱ्याच पानावर ती थांबली. "प्रोग्राम बोर्डावर चढवा, लिहिलंय. कुठून घ्यायचा, ते नाय लिहिलं. मला पेन ड्राइव्हमध्ये मिळाला होता. तात्यासाहेबांना?"

"मी मेलवर पाठवला."

"मग दोन्ही लिहा."

त्यांनी हात काढून लिहिलं. तिसऱ्या पानावर अजून एक. चौथ्यावर दोन. दर वेळी दादांचे कान लाल व्हायचे आणि आम्ही आपापल्या पडद्यात डोकं घालायचो. दुपारपर्यंत अशा नऊ जागा निघाल्या. नवव्या वेळी दादांनी पेन टेबलावर ठेवलं आणि हळूच म्हणाले, की बाकीचं ठीक असावं, आता पुरे.

लाइबानं पान उलटलं.

"अजून चार पानं आहेत, सर."

दादांनी पेन उचललं.