अर्ध्या गावाचा नंबर

आमच्या गावात कोणाचा काय रिपोर्ट आला, हे टावरबाईंच्या फोनला सगळ्यात आधी कळायचं आणि टावरबाईंना सगळ्यात शेवटी. मेसेजवर दुसऱ्याचं नाव दिसलं की बाई पुढचं वाचत नसत. फोन पदरात गुंडाळून त्या माणसाच्या घरी जायच्या आणि त्याच्यासमोरच उघडायच्या. "फोन माहा हाये, निरोप तुहा," असं म्हणायच्या.

बाई आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या, घरोघरी फिरून आरोग्याचं सरकारी काम बघणाऱ्या. धानोऱ्याच्या पुढे रानात आमचं गाव. कार्डांची शिबिरं व्हायची तेव्हा प्रत्येकाला मोबाईल नंबर विचारत. ज्याच्याकडे फोन नव्हता त्यानं बाईंचा नंबर सांगितला. ज्याच्याकडे होता त्यानंही बाईंचाच सांगितला, कारण स्वतःचं सिम किती दिवस चालेल याची त्याला खात्री नव्हती. असं करत आधार म्हणा, दवाखाना म्हणा, अर्ध्या गावाचा नंबर तो एकच झाला. माझाही तोच. पोरं चिडवायची, "बाई, तुमच्या फोनात अर्धं गाव राह्यते, भाडं घेता का नाई?" बाई म्हणायच्या, "भाडं नाई घेत बाबू, पन दार लावून ठेवलं हाये."

टावरबाई हे नाव टेकडीमुळे पडलं. गावात रेंज नव्हती. गावामागच्या टेकडीवर एक सपाट दगड आहे, तिथे उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. बाईंना रोज सरकारी ॲपमध्ये माहिती भरावी लागे, म्हणून संध्याकाळी त्या दगडावर ठरलेल्या. अडचण अशी व्हायची की माणूस कामाला तालुक्याला गेलेला आणि त्याचा ओटीपी टेकडीवर. मग आधीच वेळ ठरवून बाई वर जाऊन बसायच्या. ओटीपी आला की सांगायच्या, पण लगेच नाही. "कोनासमोर बसला हायेस? स्पीकर बंद कर. कानाले लाव. आता कशाचा ओटीपी हाये ते तू मले सांग." त्याला सांगता आलं नाही तर आकडे देत नसत. एकदा एकजण तिकडून चिडून म्हणाला, "बाई, काम माहं हाये का तुमचं?" बाई म्हणाल्या, "तुहंच हाये, म्हनूनच विचारून राह्यली."

त्या दगडावर हळू बोलून चालत नसे, ओरडावंच लागे. घरातली भांडणं, बाळंतपणं, सगळं मोठ्यानं. बाईंनी तिथे एक रीत पाडली. एकाचं बोलणं चालू असताना बाकीच्यांनी मोहाच्या झाडापलीकडे जायचं आणि दरीकडे तोंड करून बसायचं. ऐकू यायचंच, पण पाठ फिरवलेली असायची, आणि ज्याची पाठ होती त्यानं ते खाली गावात न्यायचं नाही. सुरुवातीला बाया हसल्या. नंतर ज्यांना कधी फोनवर रडावं लागलं त्याच इतरांना पाठ फिरवायला सांगू लागल्या.

नव्या गोष्टींना बाई घाबरत नसत, मी घाबरायची. त्या प्रत्येक ॲपला दारात आलेल्या पाहुण्यासारखं विचारायच्या. कोणीतरी मोबाईलमध्ये टॉर्चचं ॲप घेतलं, ते सगळे नंबर बघू देता का म्हणून विचारत होतं. "उजेड पाडाले त्याले माह्या सोयऱ्यायची नावं काऊन पाहिजेत?" म्हणून त्यांनी ते काढून टाकायला लावलं. लग्नाला निघालेल्या घराला सांगायच्या, "फोटो स्टेटसले टाका, पन घरी परत आल्यावर." पुढे मोबाईललाच बोलून प्रश्न विचारता येतो असं आलं, त्यावर त्यांचं मत असं, "विचार ना, चांगलं सांगते ते. फक्त दुखनं सांगजो, नाव नोको सांगू."

माझी नववी अर्ध्यात सुटली त्या वर्षी सिकलसेलची तपासणी झाली. आमच्याकडे हा रक्ताचा आजार बऱ्याच घरांत आहे. आईबापाकडून येतो. काहींना त्रास होतो, काहींना काहीच होत नाही, पण ते वाहक असतात. दोन वाहकांचं लग्न झालं तर लेकरांना धोका. गावात मात्र एवढं कोणी समजून घेत नाही. 'त्या पोरीचं रक्त खराब' एवढंच फिरतं आणि मग तिच्या दाराशी कोणी येत नाही. बाई आमच्या गोठ्यात आल्या, आईला आणि मला बसवलं, माझ्यासमोर मेसेज उघडला. मी वाहक निघाले. आई म्हणाली, "बाई, कोनाले सांगू नोका." बाई म्हणाल्या, "मी तं वाचलंच नाई, पोरीनं वाचलं."

पुढे एका मुलाची आई त्याच्यासाठी माझी चौकशी करायला आली होती. ती आधी टेकडीवर गेली, बाईंना रिपोर्ट विचारायला. हे मला फार नंतर, त्या वेळी पाठ फिरवून बसलेल्या मावशीकडून कळलं. बाई तिला म्हणाल्या होत्या, "पोराले घेऊन या, त्याचीही तपासनी करू. मंग दोघं एकमेकाले आपापलं दाखवतीन." ती परत आली नाही. मी तमिळनाडूत तिरुपूरला कपड्याच्या कारखान्यात लागले.

इथे भाषा कळत नाही, सगळ्याची धास्ती वाटते. कारखान्यात तपासणी झाली की मी जुनाच नंबर सांगायची. मेसेज बाईंकडे जायचा आणि बाईंचा फोन यायचा. "पोरी, तुहा निरोप आला हाये. वाचू का?" मी हो म्हटल्यावरच वाचायच्या. "रक्त कमी हाये म्हनते. जेवून नाई राह्यली का तू?" त्या एका वाक्यासाठी मी तपासणीची वाट बघायची.

मग बाईंच्या अंगावर सूज येऊ लागली. त्यांची मुलगी त्यांना बल्लारपूरला घेऊन गेली. जाण्याआधी त्यांनी घरोघरी जाऊन सांगितलं, "माहा नंबर काढा, आपापला टाका. मी गेल्यावर हा नंबर बंद पडन, मंग कंपनी तो दुसऱ्याले देते. तो मानूस कुठचा राहीन काय माहीत. त्याले तुमच्या घरचे निरोप येतीन." लोकांनी हे हसण्यावारी नेलं. बाई हसल्या नाहीत. तालुक्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या मागे लागून त्यांनी एकेक घर आपल्या फोनमधून बाहेर काढलं.

शेवटी मी राहिले. स्वतःचा फोन असून मी टाळत होते. आज सुट्टी नाही, उद्या नेट नाही, अशी कारणं सांगत होते. एका रविवारी त्यांचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "तुह्या रक्ताचं कोन्या परक्यानं वाचलेलं चालन का तुले?" मी 'नाही' म्हणत फोनवर नंबर बदलायचं पान उघडलं. "मंग बटन दाब."

दाबलं. ओटीपी बल्लारपूरला गेला. मी म्हटलं, सांगा बाई. त्या म्हणाल्या, "थांब. आता मोबाईलवर कोनाचाही आवाज काढता येते म्हनते. तू निंगाली तेव्हा तुह्या पिशवीत मी काय टाकलं होतं?"

"मोहाचे लाडू, बाई. गाडीत भुगा झाला त्यांचा."

"खाल्ला का भुगा?"

"खाल्ला."

मग त्यांनी एकेक आकडा सांगितला. मी टाकला. नंबर बदलला.

"झालं?"

"झालं."

बाई म्हणाल्या, "आता मले तुह्यातलं काईच समजनार नाई. सांगावं वाटलं तं तूच सांगजो."

ते आमचं शेवटचं बोलणं. ते शेवटचं आहे हे मला माहीत नव्हतं, पण सांगावंसं वाटलं. म्हटलं, बाई, इथे एक ओडिशाचा मुलगा आहे. मी त्याला माझं सिकलसेलचं स्वतः सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात स्वतःची तपासणी करून आला आणि कागद माझ्या हातात दिला.

कागदावर काय होतं, ते बाईंनी विचारलं नाही. नावही विचारलं नाही.

"त्यायच्याकडे भात खातेत का?" त्या म्हणाल्या.

"खातेत बाई. दोन्ही टाइम."

"मंग बरं हाये," बाई म्हणाल्या.